पाचशे रुपयांच्या तबकड्या

मला जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद आहे असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "बेगम अख्तर? मेहदी हसन?" उर्दू शिकवणारा मास्तर म्हटल्यावर त्यांचाही दोष नाही. ते दोघेही माझ्या कपाटात आहेतच. पण जास्त जागा अडवलीय ती बीटल्स, पिंक फ्लॉइड आणि डीप पर्पल यांनी. हा नाद वसईचाच. लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती आळीत नाताळाला रेकॉर्ड लागायच्या आणि आम्ही मुस्लिम मोहल्ल्यातली पोरं कुंपणाला टेकून ऐकायचो. शब्द एकही कळत नसे.

पुढे नोकरी लागल्यावर लोकलने ग्रँट रोडला उतरून चोरबाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे 'ओरिजिनल' हा शब्द कानावर पडला. ओरिजिनल म्हणजे खरी नव्हे, कारण नंतर निघालेली रेकॉर्डही खरीच असते. ओरिजिनल म्हणजे पहिल्या छापाची. आमच्या शाळेत परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाइल करून यायचे. पहिल्या प्रतींवर अक्षरं ठसठशीत असत. शेवटच्या बाकावर पेपर पोहोचेपर्यंत 'भ' की 'म' ते देवालाच ठाऊक. रेकॉर्डचंही तसंच आहे. धातूच्या साच्यावर दाबून ती काढतात, साचा झिजतो, पुढे मूळ टेपच्या नकलेवरून नवे साचे बनतात. म्हणून शौकीन माणूस आधी लेबल बघतो आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला बारीक नंबर वाचतो. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ साली आली. इंग्लंडमधल्या तिच्या पहिल्या छापाच्या लेबलावर भरीव निळा त्रिकोण आहे. नंतरच्या छापांत त्रिकोणाची नुसती रेघ उरली. तेवढ्या फरकावर किंमत कितीतरी पटीने बदलते.

आपल्याकडच्या रेकॉर्ड कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघायच्या. तिथे एक गंमत घडली. इंग्लंड-अमेरिकेत ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्या १९६०च्या आसपास जवळजवळ संपल्या. बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली १९६२ साली, म्हणजे त्यांच्या देशात ती विनाइलवरच. पण आपल्या कितीतरी गावांत वीज नव्हती आणि घरात चावीचे ग्रामोफोन होते. म्हणून इथे बीटल्सही ७८च्या तबकडीवर काढावे लागले. त्या तबकड्या बनत लाखेपासून, आणि लाख तर आपल्याच जंगलांतली. आज जगभरचे शौकीन त्या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात आणि एकेकीसाठी हजारो रुपये मोजतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. मुद्दा तोच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या आजीने मला घरी बोलावलं. नवरा वारलेला, मुलं कॅनडात, घर बिल्डरला दिलेलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला याची आवड आहे म्हणे. ही पेटी घेऊन जावा. भंगारवाला नको म्हणतो. पाचशे द्या, पुष्कळ झाले."

पेटीत जुनी मराठी गाणी होती, बँडच्या रेकॉर्ड होत्या, भक्तिगीतं होती. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पार्लोफोनची ७८. लेबलावर 'द बीटल्स'.

मी कागद पुन्हा गुंडाळला. पाचशेची नोट दिली. घासाघीस केली नाही, याचं मला त्या वेळी कौतुकही वाटलं.

घरी येऊन अम्मीला सगळं सांगितलं, तबकडी दाखवली. ती गव्हाचे खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "अम्मी, किंमत तिनेच सांगितली. मी खोटं काही बोललो नाही."

"ते नाही विचारलं मी."

दुसऱ्या दिवशी सातवीला शिकवताना धड्यात 'अमानत' शब्द आला. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, म्हणजे मराठीतली अनामत रक्कम?" बरोबर होतं त्याचं. शब्द एकच, मराठीत येताना अक्षरं उलटसुलट झाली. एरवी मी खूश होऊन पाच मिनिटं बोललो असतो. त्या दिवशी नुसतं "हो, बस" म्हणालो.

संध्याकाळी तबकडी घेऊन आजींकडे गेलो. ती कोणती, बाहेर तिला काय मिळू शकतं, सगळं सांगितलं. खरं लिहितो: मनात हिशेब होता की त्या म्हणतील, राहू द्या सर, तुम्ही प्रामाणिक आहात, तुम्हीच ठेवा.

त्यांनी पैशाचं ऐकलंच नाही. कागद सोडला, पदराने तबकडी पुसली आणि कितीतरी वेळ लेबलाकडे बघत राहिल्या. "ही यात होती? मला वाटलं फुटली. लग्नाआधी ह्यांनी घेतलेली. आळीत लाइट नव्हती तेव्हा. चावी देऊन लावायचे. माझी सासू म्हणायची, कावळे ओरडतात." आणि मग, "ही मी नाही देत, सर. पाचशे परत देऊ?"

"नको," मी म्हटलं. "बाकीच्या आहेत ना."

"कॅनडात ती वाजवणार कशावर?" मी निघता निघता विचारलं. लोभ असा सहज मरत नाही.

"वाजवायला कशाला? ह्यांनी घेतलेली आहे."

त्या मे महिन्यात त्या गेल्या. तबकडी टॉवेलमध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीत नेली, असं नातीने सांगितलं. लाखेची तबकडी जरा धक्का लागला तरी तडकते. ती धड पोहोचली का, हे मी अजून विचारलेलं नाही.

पेटीतल्या बाकीच्या तबकड्या माझ्याकडे आहेत. अम्मीला त्यातलं एक जुनं मराठी गाणं आवडतं. बाजारात त्या तबकडीला कोणी शंभर रुपयेही देणार नाही.