खानापूरची मलप्रभा

मलप्रभेला भेटायचं तर चालत जावं. बेळगावहून सकाळची गाडी पकडून खानापूर स्टेशनावर उतरायचं आणि असोग्याची वाट धरायची. कापणी झालेली भाताची शेतं, कौलारू घरं, आंब्या-फणसाची झाडं मागे टाकत गेलं की तासाभरात ती दिसते. खडकांना वळसे घालत, मध्येच एखाद्या डोहात रेंगाळत ती चाललेली असते. तिला कसलीही घाई नसते. रामलिंगेश्वराच्या देवळापाशी पोचेपर्यंत आपलीही घाई उतरते.

तिचा जन्म कणकुंबीचा. माउलीच्या देवळापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर. तिथून अरबी समुद्र खरं तर जवळ. याच तालुक्यात भीमगडच्या रानात जन्मलेली म्हादई गोव्याचा उतार धरून त्या समुद्राला मिळतेही. मलप्रभा मात्र समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेकडचा सुमारे ३०४ किलोमीटरचा लांबचा रस्ता पत्करते. घाटमाथ्यावरचा पाऊस दुष्काळी मुलखाला नेऊन द्यायचा, हा तिचा स्वभाव. म्हणून मला ती फार थोर वाटते.

पावसाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नये. हब्बनहट्टीचा मारुती तिच्या पात्रालगतच आहे. पूर आला की ती त्याचं देऊळही पाण्याखाली घेते. हीच बाई संक्रांतीला निवळलेली असते. बेळगाव आणि खानापूरची माणसं त्या दिवशी स्नानाला काठावर येतात. बायका ओटी सोडतात, पोरं खडकांवरून उड्या मारतात, म्हातारे गुडघाभर पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देतात. एका घोळक्यात मराठी, शेजारच्या घोळक्यात कन्नड. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या तालुक्यात भाषेवरून किती दुखावलेली मनं आहेत, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण पाण्यात उतरल्यावर ‘तिकडं खोल हाय, जाऊ नको’ असं अनोळखी माणूसही दुसऱ्याच्या पोराला ओरडून सांगतो, मग ते कुठल्याही भाषेत असो.

पोहण्यासाठी हिच्यासारखी नदी आमच्या भागात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. निपाणीकडचे पाहुणे वेदगंगेचं नाव घेतात. तीही चांगलीच, पण तिच्या काठाला काळी माती आणि ऊस. इथे पायाखाली खडक आणि वाळू लागते, तळ दिसतो. वरचं पाणी उन्हानं कोमट झालेलं, खाली पाय सोडले की तळव्यांना एकदम गार. पूर्वी पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधत, आता प्लास्टिकचा कॅन बांधतात. काका किंवा मामा हनुवटीखाली हात धरून दोन-चार वेळा फिरवतो आणि मग न सांगता हात काढून घेतो. ती पुढचं शिकवते. उताणं पडून कान पाण्यात बुडवले की काठावरचा सगळा गलका बंद होतो आणि वर नुसतं आभाळ उरतं.

भूक लागते ती मात्र भयंकर. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची उरलेली मिसळीची भाजी, शेंगाची चटणी, घट्ट दही, वर कांदा फोडलेला. कुणी बेळगावचा कुंदा आणलेला असतो. तो पानावर नव्हे, थेट तळहातावर मिळतो. जेवून लगेच पाण्यात जायचं नाही, हा घरातल्या थोरल्यांचा नियम. मग झाडाखाली तासभर आडवं व्हायचं आणि उन्हं कलायला लागली की पुन्हा एक डुबकी.

पुढे तिला कष्ट फार. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात ती अडते, हुबळी-धारवाडची तहान भागवते, कालव्यांतून शेतात जाते. रेणुका रोज तिच्याच काठच्या वाळूचा घडा करून पाणी नेई, अशी तिथली कथा. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेली पट्टदकलची देवळं तिच्या काठावर आहेत. शेवटी कुडलसंगमला, बसवण्णांच्या समाधीपाशी, ती कृष्णेला मिळते. तिला पाणी कमी पडतं म्हणून म्हादईचं पाणी वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प पुढे आला. २०१८ च्या निवाड्यात म्हादई पाणीतंटा लवादाने त्यासाठी ३.९ टीएमसी दिले आणि गोव्याने त्याला विरोध केला. दोन बहिणींतलं हे भांडण माणसांनी लावलेलं आहे.

तिच्याकडे जाल तर संक्रांतीनंतर जा. डोह किती खोल आहे ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. आणि पत्रावळ्या, बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या काठावर टाकू नका. परत नेण्याइतकी जागा डबे रिकामे झालेल्या पिशवीत असतेच.