मलंगगडाची वाट

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमचे बिऱ्हाड आहे. गच्चीवर उभे राहून दक्षिणेकडे दृष्टी टाकली म्हणजे मलंगगडाची रांग दिसते. आमच्या थोरल्या काकांनी आजवर तिचे जितके निरीक्षण केले आहे, तितके एखाद्या ज्योतिषाने ग्रहांचेही केले नसेल. सकाळी चहाचा पेला घेऊन ते वर जात आणि खाली येऊन काकूंस सांगत, “गडाने टोपी घातली आहे, आज वाळवण घालू नका.” काकू घालीतच, आणि दुपारी सगळ्या घराची धावपळ उडे.

टोपी म्हणजे माथ्यावर बसलेला ढग. समुद्राकडून आलेला ओला वारा डोंगरास अडतो, वर चढतो, चढता चढता थंडावतो आणि त्यातील बाष्पाचा ढग होतो. खाली गावात लख्ख ऊन असले तरी गडावर सरी कोसळत असतात, त्याचे कारण हेच.

गडाचा बालेकिल्ला अवघड आहे. तेथील कातळातल्या पायऱ्या तुटलेल्या आहेत. मी तिकडे कधी गेलो नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. परंतु पीरमाचीपर्यंतची वाट सोपी. नेवाळीवरून पायथ्याशी जावे आणि पायऱ्या चढू लागावे. बायकामुलेदेखील दीड-दोन तासांत दर्ग्यापाशी पोचतात. या स्थानास हिंदू व मुसलमान दोघेही भजतात, आणि तेथील व्यवस्थेशी एका ब्राह्मण घराण्याचा वंशपरंपरेचा संबंध आहे. माघी पौर्णिमेच्या यात्रेस रात्रभर माणसांची रीघ लागते. त्या दिवसांत पहाटे हात गारठतात, गवत पिवळे पडलेले असते आणि चहाच्या टपरीपुढे सारे भेद विसरून माणसे शेकत बसतात. वैशाखात मात्र उजाडण्यापूर्वीच निघावे. नऊ वाजता दगड तापतो, आणि मग उतारावरच्या जाळीतली करवंदे तोंडात टाकीत सावली शोधणे एवढेच उरते. आश्विनात हवा धुतल्यासारखी असते. खालची भातखाचरे, रूळ, चिखलोलीचे पाणी अगदी हाताशी आल्यासारखे वाटते. मला विचाराल तर तोच काळ उत्तम.

आषाढाची गोष्ट निराळी. तीन वर्षांपूर्वी काकांचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून त्या खेपेस मुलांना घेऊन जाण्याचे काम मजकडे आले. दोन पुतणे, एक पुतणी आणि माझी कन्या. काका गच्चीवरून खाली आले व म्हणाले, “टोपी आहे. पुढच्या रविवारी जा.” डबे भरून झाले होते, मुलांनी पायांत बूट घातले होते. मी हसून म्हटले, “काका, पायऱ्यांची तर वाट!” आणि निघालो.

निम्म्यावर ढगात शिरलो. दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. पायऱ्यांवरून ओढ्यासारखे पाणी वाहू लागले आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरेना. परतावे असे मनात आले. पण इतर मंडळी वर जात होती, आणि मुलांपुढे माघार घेण्याची मला लाज वाटली, हे खरे कारण. आणखी पन्नास पायऱ्या चढलो असू, इतक्यात धाकटा पुतण्या घसरला. पाच-सहा पायऱ्या गडगडत जाऊन एका टपरीच्या बांबूस अडकला. तो बांबू नसता तर काय झाले असते, हे आजही मी मनात पुरते येऊ देत नाही. हनुवटीस दोन टाके पडले.

घरी वहिनींनी पोराला पोटाशी धरले. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. काका एवढेच म्हणाले, “पहिल्या सरीलाच फिरायचे होते.” मग रात्री जेवताना त्यांनी आपण होऊन मुलांना १७८० सालची हकीकत सांगितली. त्या पावसाळ्यात ॲबिंग्टन नावाच्या इंग्रज कप्तानाने गडाची खालची बाजू घेतली, पण बालेकिल्ला काही त्यास मिळाला नाही. उलट मराठ्यांच्या फौजेने त्याचीच कोंडी केली आणि ऑक्टोबरात हार्टले येईपर्यंत तो तेथेच अडकून पडला. “तोफा असून त्याला जे जमले नाही, ते तुझ्या काकाला कसे जमावे?” असे म्हणून त्यांनी माझ्या पानात लाडू वाढला. सारे हसले, मी मात्र खाली मान घालून जेवलो.

पुढच्या माघात काका पहिल्या टपरीपर्यंतच येऊ शकले. तेथे बाकावर बसून त्यांनी आम्हांस वर धाडले, आणि परतल्यावर वाटेतल्या एकेका झाडाची चौकशी केली. पळस फुलला का? वळणावरचा तो आंबा अजून उभा आहे ना? यंदा तेही झाले नाही. गच्चीवर मात्र जातात.

गेल्या रविवारी निघण्याआधी तोच धाकटा पुतण्या त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. हनुवटीवरचा वण अजून दिसतो. “आजोबा, टोपी?” काकांनी बराच वेळ दक्षिणेकडे पाहिले. “नाही,” म्हणाले, आणि खुंटीवरची आपली छत्री काढून त्याच्या हाती दिली.