अब्बांची ईद

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अब्बांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. "उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसतच नाही, बेटा," म्हणायचे. ईदच्या सकाळी माझा छोटा मिररलेस, फुजीफिल्मचा एक्स-टी३०, त्यांच्या डोळ्याला लावला आणि व्ह्यूफाइंडरशेजारचं बारीक चाक त्यांनाच फिरवायला सांगितलं. आतले आकडे स्पष्ट झाले तसे ते थांबले. चष्म्याशिवाय!

अम्मी पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली. चेहरा काळवंडलेला दिसत होता. अंगठ्याजवळची एक्स्पोजरची चकती त्यांनी +१ वर नेली. बटण दाबण्याआधीच आतलं चित्र उजळलं.

"माशाअल्लाह! आम्ही रीळ धुऊन येईपर्यंत दुआ करत बसायचो."

त्या दिवशी त्यांनी मोजून ३६ फोटो काढले आणि सवयीने कॅमेरा खाली ठेवला. रीळ संपलं होतं ना!