करोंदचा पावा

भोपाळ टॉकीज मागे टाकून बैरसिया रस्त्याने उत्तरेस निघाले, की सिंधी कॉलनी, डी. आय. जी. बंगला असे थांबे घेत आपण करोंदच्या चौकात येऊन पोहोचतो. भोपाळ पाहावयास आलेला पाहुणा सहसा इकडे फिरकत नाही. त्याला मोठा तलाव दाखवावा, ताज-उल-मसाजिद दाखवावी, १९८२ साली उघडलेल्या भारत भवनात न्यावे. करोंदला काय दाखविणार? येथे आहे ती कृषी उपज मंडी. पहाटे उजाडण्यापूर्वीच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, कांदा-लसणाची पोती उतरतात, आडत्यांचे पुकारे आणि हमालांच्या हाका एकमेकींत मिसळतात. अलीकडे त्यात मेट्रोच्या कामाची भर पडली आहे, कारण नारंगी मार्गाचे एक टोक करोंदला नेण्याचे ठरले आहे. अशा गलबल्याच्या गावी मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पावा शिकावयास बसलो, त्याची ही हकीकत.

आम्ही मूळचे इंदूरचे. शाळेतील ३४ वर्षांची नोकरी संपली आणि मुलाने करोंदला घर घेतले, म्हणून आम्ही उभयता येथे आलो. १९५६ मध्ये मध्यप्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळास आली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. पण त्यांची वस्ती मुख्यतः नव्या भोपाळात, तात्या टोपे नगराच्या बाजूस. करोंदला दारावर मराठी पाटी विरळाच. दिवस मोठा वाटू लागला, आणि मोठ्या दिवसाला काहीतरी छंद हवाच.

तो मिळाला मंडीच्या फाटकाशी. एक फेरीवाला खांद्यावरच्या काठीला बासऱ्या खोचून उभा होता. माल पिलिभीतचा, असे त्याने अभिमानाने सांगितले. उत्तर प्रदेशातील ते गाव या धंद्यासाठी प्रसिद्धच आहे; तेथील कारागीर बांबू मात्र दूर आसामातून आणवितात. मी आडवी बासरी उचलली आणि जोर लावून फुंकली. आवाज निघाला तो केवळ वाऱ्याचा! फेरीवाल्याने हसून ती काढून घेतली व चोचीसारख्या तोंडाचा एक पावा हाती दिला. किंमत तीस रुपये.

या दोहोंतला भेद नवशिक्याने आधीच जाणून घ्यावा. आडव्या बासरीत ओठांनीच वाऱ्याची धार करून ती छिद्राच्या काठावर नेमकी आपटवावी लागते. निव्वळ तेवढे साधण्यातच नवख्याचे कित्येक दिवस जातात. पाव्याच्या तोंडात खुंटी बसविलेली असते. तिच्या व नळीच्या मधल्या फटीतून वारा आपोआप काठावर जातो आणि पहिल्याच फुंकेला स्वर उमटतो. आपल्या गुराख्यांचे अलगूज याच जातीचे. आयर्लंडात मुलांच्या हाती प्रथम देतात ती पत्र्याची शिट्टीही याच कुळातली. १८४३ च्या सुमारास इंग्लंडातील रॉबर्ट क्लार्क नावाच्या गृहस्थाने ती पत्र्याची बनविण्यास आरंभ केला आणि गरिबाच्याही खिशास परवडणारे वाद्य जगभर पसरले.

पहिल्या फुंकेस स्वर उमटतो हे खरे. परंतु दुसरीस किंकाळी उमटते. पहिल्या आठवड्यात नातीने कानांवर हात ठेवले आणि सौभाग्यवतीने गच्चीचा जिना दाखविला. गच्चीवर मी जोराने फुंकी, म्हणजे स्वर फाटे. आणखी जोराने फुंकी, म्हणजे आणखी फाटे. एके सकाळी शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "मास्टरसाहब, फूँको मत. साँस छोड़ो."

हे आमचे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना मी भाईसाहब म्हणतो. बालपण बैरसियाकडच्या एका खेड्यात गेले, गुरे राखताना पावा वाजविला. ते काठी टेकीत आमच्या गच्चीवर आले आणि माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांनी सांगितलेले थोडक्यात देतो. कोणास उपयोगी पडेल. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका वरच्या तीन छिद्रांवर, उजव्या हाताची तीच तीन बोटे खालच्या तीन छिद्रांवर. छिद्र बोटाच्या टोकाने न दाबता पेराच्या मऊ गादीने झाकावे. पकड सैल असावी. घट्ट धरले की बोट तिरके होते, छिद्र किंचित उघडे राहते आणि किंकाळी निघते. सहाही छिद्रे झाकून, जणू आरशावर वाफ धरीत आहोत इतका हलका श्वास सोडला, की सर्वांत खालचा स्वर लागतो. तो षड्ज मानून खालून एकेक बोट उचलीत गेले, की बिलावलाचे सात स्वर हाती येतात. पुन्हा सर्व छिद्रे झाकून फुंक थोडी वाढविली, की वरचा षड्ज. बासरीवादक वरची तीन छिद्रे झाकून निघणाऱ्या स्वरास षड्ज मानतात, म्हणजे मंद्र पंचमापर्यंत उतरता येते. पण ती पुढची इयत्ता. याच साध्या वेळूला पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लांबी देऊन रागदारीच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, हे आठवले की मला धीर येई.

भाईसाहब हे सारे सांगत, पण पावा कधी तोंडास लावीत नसत. आपल्या काठीवर सहा बोटे ठेवून ती उचलून दाखवीत. एकदा मी आग्रह केला. त्यांनी पावा घेतला, चार स्वर वाजविले. मला सहा महिन्यांत साधले नसते असे स्वच्छ चार स्वर! पाचव्याला श्वास तुटला, आणि मग खोकला किती वेळ थांबेना.

१९८४ साली ते छोल्याच्या बाजूस राहात. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेटची वाफ सुटली, सुमारे ४० टन. हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत पसरली व निजलेल्या वस्त्यांत शिरली. हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांतल्या असंख्यांच्या डोळ्यांवर आणि फुप्फुसांवर तिची खूण कायमची राहिली. भाईसाहब त्या रात्रीविषयी बोलत नाहीत. एवढेच म्हणतात, की "पळालो म्हणून जास्त श्वास घेतला, आणि जास्त श्वास घेतला म्हणून जास्त विष घेतले." गॅसपीडितांसाठी उभारलेले आणि २००० साली सुरू झालेले मेमोरियल इस्पितळ करोंदच्याच परिसरात आहे. तेथे तपासणीस जातात तेव्हा यंत्राच्या नळीत फुंकावे लागते. "आता माझा पावा तोच," ते हसून म्हणाले. "सूर नाही देत, आकडा देतो."

त्या दिवशी मी घरी येऊन पावा कपाटात ठेवून दिला. ज्याला येते त्याच्यापाशी श्वास नाही, आणि ज्याच्यापाशी श्वास आहे त्याने तो किंकाळ्यांत उधळावा, याची लाज वाटली. तीन दिवस मी गच्चीवर गेलो नाही. चौथ्या दिवशी हाक आली, "मास्टरसाहब, आजारी आहात काय?" मी खरे कारण सांगितले. ते काही वेळ मंडीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "माझ्या गावची एक धून आहे. गुरे परत आणताना वाजवायची. ती माझ्या बोटांत आहे. बोटांतून बाहेर निघायला श्वास हवा. तुम्ही द्या."

पुढे सात महिने आम्ही ती एकच धून घेऊन बसलो. ते काठीवर बोटे हलवीत, मी पाहून वाजवी. धून लहानच आहे, चार ओळींची. पण तिसरी ओळ एका श्वासात जावी लागते. त्यासाठी दुसरीच्या शेवटी, ऐकणाऱ्यास न कळेल असा, चोरून श्वास घ्यावयाचा असतो. ते मला जमता जमेना.

गेल्या माघात एके सकाळी जमले. मंडीचा गलका नुकताच ओसरला होता. मी सुरुवात केली, समोर त्यांची बोटे काठीवर चालू लागली, आणि चारही ओळी न अडखळता पार पडल्या. मी पावा खाली ठेवला. भाईसाहबांची बोटे अजून काठीवरच होती. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग शिक्षकाने म्हणावे तसे म्हणाले, "शेवटचा सूर जरा आखूड पडला. श्वास होता तुमच्यापाशी, राखून का ठेवलात?"

तेव्हापासून राखून ठेवीत नाही. रोज सकाळी सातला आमच्या गच्चीवर ती धून वाजते.