झिजलेली बाजू

आबांच्या ट्रंकेतली जवळजवळ सगळी गाणी आज मोबाइलवर मिळतात. ‘पिंजरा’ घ्या, ‘सांगत्ये ऐका’ घ्या, नाहीतर गीतरामायण. नाव टाकायचा अवकाश, गाणं सुरू. त्यामुळे जुन्या रेकॉर्डी टर्नटेबलवर लावून कॉम्प्युटरवर उतरवायचा उद्योग मी काढला, तेव्हा घरातल्या पोरांचा प्रश्न रास्तच होता. जे आहेच ते पुन्हा कशाला?

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. शाहूवाडी तालुक्यात त्यांचा स्पीकरचा धंदा होता. मलकापूर, बांबवडे, वर आंब्यापर्यंत कुठंही लग्न, बारसं, जत्रा असली की आबांना सांगावा यायचा. वीज न पोचलेल्या वाडीवर मोटारीची बॅटरी डोक्यावरून न्यायची, कर्णा जांभळीच्या उंच फांदीला बांधायचा. पलीकडच्या वाडीलाही कळायचं, आज इथं हळद आहे. पुढं कॅसेट आली, मग डीजे आला आणि ट्रंक माळ्यावर गेली.

ती खाली काढली तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरली ती कव्हरं. त्यांच्यावर आबांचं बॉलपेनचं अक्षर. गाण्याचं नाव कुठंच नाही. एकावर ‘पहाटे’, दुसऱ्यावर ‘पंगत’, तिसऱ्यावर ‘वरात, चौकात’. एका कव्हरावर तर ‘पाठवणी. दोनदा लावणे’. कोणतं गाणं कोणाचं, यापेक्षा ते कधी लावायचं, हे आबांच्या लेखी महत्त्वाचं होतं.

आमच्याकडच्या पावसाची ख्याती सांगायला नको. रेकॉर्डींवर बुरशीची पांढरी नक्षी उठली होती. प्लास्टिकच्या, म्हणजे विनाइलच्या रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्रव साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशनं, खाचेच्या दिशेनंच पुसल्या. जुन्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या मात्र लाखेच्या. त्यांना स्पिरिट लागता कामा नये. पॉलिशवाला सुतार लाखेची चपडी स्पिरिटमध्येच विरघळवतो. तबकडीचीही तीच गत होते. पुसून झालं की सावलीत उभ्या करून वाळवायच्या, कारण उन्हात त्या वाकतात.

टर्नटेबल थेट लॅपटॉपला जोडून भागत नाही. सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे चढवलेले. खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी हेलकावते की एका बाजूवर मावेल तेवढं गाणं निम्म्यावर येईल. दाबायचं किती आणि चढवायचं किती, याचं माप 1954 साली अमेरिकेत ठरलं आणि पुढं जगानं ते स्वीकारलं. फोनो प्रीअँप नावाची छोटी डबी सिग्नल वाढवते आणि हे माप उलटं फिरवून सूर जागेवर आणते. तिच्यातून यूएसबी साउंड कार्ड, तिथून लॅपटॉप आणि त्यात ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, अशी आमची साखळी.

सगळं जोडलं आणि गाण्याच्या आधी घुंई ऐकू आली. घरातल्या विजेच्या 50 हर्ट्‌झचा तो सूर. टर्नटेबलमागची अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला आवळली, तसा निम्मा उतरला. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि उरलेलाही जवळपास गेला. चार्जर आणि टर्नटेबल आपापल्या वाटेनं जमिनीला जोडलेले असले की त्या दोन वाटांचं वेटोळं होतं आणि तेच गुणगुणतं. आबा खुर्चीत बसून बघत होते. “अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंय?” त्यांनी विचारलं. कोळसा-मिठाचा तो खड्डा उन्हाळाभर कोरडा ठणठणीत होता. दोन घागरी ओतल्या. धंद्यात असताना मांडवात कर्णा गुणगुणायला लागला की आबा आधी खड्डा शोधायचे.

मग वेगाचा प्रश्न. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर गाणं अख्खी एक पट्टी चढतं. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो. वेग तपासायला रेषांची कागदी चकती मिळते. 78साठी तिच्यावर 77 रेषा असतात. आपल्याकडची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. त्या उजेडात चकती फिरली आणि रेषा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात हा खेळ बहुधा जमत नाही, म्हणून गोठ्यातली चोकवाली जुनी ट्यूब काढून आणली. तरी लेबलवर 78 छापलंय म्हणून तबकडी त्याच वेगानं कोरली असेल याची खात्री नसते. तिथं पेटीवर षड्ज धरून कानानंच ठरवावं लागलं.

सुईही दोन लागतात. 78ची खाच रुंद; तिला सुमारे 75 मायक्रॉनच्या टोकाची सुई. एलपीची, म्हणजे विनाइलच्या मोठ्या रेकॉर्डची, त्याच्या चौथाईच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेत उतरली तर तळाशी टेकते आणि गाण्याऐवजी तिथली घाण वाजवते.

एकेक रेकॉर्ड लागत गेली तसं लक्षात आलं, आबांच्या रेकॉर्डी एकाच बाजूनं झिजल्यात. एक बाजू राखाडी, दुसरी काळीभोर, काचेसारखी. मांडवात वापरायचे सुईचे पिकअप जड. आजची सुई दीड-दोन ग्रॅम दाबानं चालते, ते कितीतरी जास्त भार टाकायचे. मागणीचं गाणं रात्रीत पुन्हापुन्हा लागायचं. दुसरी बाजू का नाही लावली, असं विचारलं तर आबा म्हणाले, “ती ऐकायला कुणाला सवड होती? वरात पुढं सरकाया पायजे.” कोणतं गाणं किती चाललं, याची खानेसुमारी कुणी केली नाही. आमच्या खोऱ्यापुरती ती या झिजेत नोंदलेली आहे.

झिजलेल्या बाजूतूनही गाणं काढता येतं. जुन्या रेकॉर्डी मोनो, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंतींवर तेच गाणं कोरलेलं. आजची स्टिरिओ सुई दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाचते. फिरत्या रेकॉर्डवर पिकअपचा हात मध्याकडे ओढला जातो, त्यामुळे आतली भिंत जास्त घासते. ‘वरात, चौकात’च्या रेकॉर्डवर डाव्या चॅनलमध्ये नुसती वाळू चाळल्याचा आवाज, उजवा एकटा ऐकला तर ढोलकी स्वच्छ. बाहेरची भिंत शाबूत होती. तोच चॅनल ठेवला आणि आबा खुर्चीत सरसावून बसले.

खरखर काढायचा मोह फार होतो. सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाचं काम. पण घुंगरू आणि खरखर शेजारी राहतात. एकीला हाकललं की दुसरंही जातं. तुणतुण्याची धार बोथट होते. म्हणून मूळ फाइल 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिटची, हात न लावता ठेवायची. मिनिटाला 35 एमबी जागा जाते, जाऊ दे. ठळक टिचक्या काढायच्या त्या प्रतीतून.

हे काम पद्धतशीर करणारी मंडळी आपल्याकडे आहेत. 1990 साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठीच्या योजनेतून ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या छापाच्या रेकॉर्डी उतरवून घेतल्या. 1935 ते 1955 या काळातला हा देशी छाप. त्यांनी आवाजासोबत लेबलं आणि सूचीपत्रकंही जपली. ते वाचल्यावर मीही प्रत्येक कव्हराचा फोटो घ्यायला लागलो आणि रेकॉर्ड वाजत असताना आबा जे बोलतात ते मोबाइलवर टिपायला लागलो. कुठल्या लग्नात बॅटरी उतरली, कुठल्या जत्रेत एकच लावणी पहाटेपर्यंत मागितली गेली, पाठवणीचं गाणं दोनदा का लावायचं. “पहिल्यांदा पोरगी रडतीया,” ते म्हणाले, “दुसऱ्यांदा बाप.”

पोरांच्या प्रश्नाला माझ्यापाशी आता एवढंच उत्तर आहे. मोबाइलवर गाणी आहेत. पाठवणीला दोनदा लागणारं गाणं तिथं नाही.

गावात बातमी फुटली आणि पेनड्राइव्ह यायला लागले. एकाला फक्त लावण्या पाहिजे होत्या, आबांनी नकार दिला. सुरुवात पहाटेपासून, मग हळद, पंगत, वरात, शेवटी पाठवणी. क्रम मोडायचा नाही. फाइलींना मी आता गाण्यांची नावं देत नाही. ‘01 पहाटे’पासून आकडे टाकून कव्हरावरचे शब्द तसेच ठेवतो, म्हणजे कुठल्याही मशिनला लावलं तरी लग्न पहाटेलाच सुरू होईल. पाठवणीची फाइल दोनदा घातली आहे.