तंबोरा निघाला परदेशी

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पॅकिंग शिकवावं लागत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट भरताना बघा. फार दाबून भरलं तर खालचा माल फुटतो, सैल भरलं तर गाडीच्या धक्क्यांनी सगळाच मार खातो. पण आईचा तंबोरा विमानाने टोरांटोला भाचीकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा घरातले सगळे जाणकार एकदम गप्प झाले!

तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईला त्याचं मोठेपण त्याआधी चाळीस वर्षं ठाऊक होतं. मंचरच्या घरात पहाटे तो वाजायचा. ती गेल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला, तो उभाच. आमच्यात गाणारं कुणी नाही. भाची तिकडे गाणं शिकते. "फोनवर तानपुरा मिळतो की आता," असं एक काका म्हणाले. मिळतो, आणि सुरातही असतो. पण आजीचा नसतो ना!

तर प्रश्न पेटीचा. बहुतेक विमान कंपन्यांचा साधा हिशेब असा : एका नगाला २३ किलो, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर. आईचा तंबोरा चार फुटांचा, म्हणजे लांबीतच १२२ सेंटिमीटर गेले. भोपळ्याची रुंदी आणि जाडी धरली की मर्यादा संपली. कुठलीही पेटी घ्या, मापाचे जादा पैसे चुकत नाहीत. वाचवायचं ते वजन. ३२ किलोच्या वर गेलं तर तो नग सहसा प्रवासी सामानात घेतच नाहीत, वेगळा माल म्हणून पाठवावा लागतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बास नावाचं माणसाहून उंच वाद्य असतं. ते वाजवणाऱ्यांचं हेच रडगाणं. वाद्य दहाएक किलोचं, पण त्याला जपणारी पेटी त्याच्या दुपटीहून जड. शेवटी काहींनी मान सुटी करता येईल असे बासच बनवून घेतले! आपल्या तंबोऱ्याची मान कोण सोडवणार?

सुताराने सांगितलेली लाकडी पेटी चोवीस किलोची भरत होती. तंबोरा स्वतः जेमतेम साडेचार. कापडी पिशवी हलकी, पण विमानाच्या पोटात तिचा काय उपयोग? फायबरची पेटी नऊ किलोची निघाली, तीच घेतली. दुकानदाराने एक गोष्ट छान समजावली. जाड भिंतीने वाद्य वाचत नाही, आत न हलण्याने वाचतं. नाजूक जागा दोन : भोपळा, आणि दांडी भोपळ्याला मिळते तो सांधा. म्हणून भोपळा खालून पूर्ण टेकला पाहिजे, दांडीला मध्ये दोन ठिकाणी आधार हवा, आणि घोडीवर झाकणाचा दाब नको. तारा चार-पाच सुरांनी उतरवल्या, म्हणजे धक्का बसला तरी सांध्यावर ताण कमी. खुंट्यांभोवती आईचं जुनं नऊवारी गुंडाळलं.

सगळं मिळून पंधरा किलोही भरेना. मग काय, आपली माणसं! "आठ किलो फुकट का घालवता? भोपळ्याशेजारी चिवडा मावेल, गोडा मसाला मावेल..." मी पेटीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

तंबोरा धड पोचला. दोन दिवस खोलीची हवा लागू दिली, मग भाचीने तारा चढवल्या. फोनवर ऐकताना बाबा काही बोलले नाहीत, फक्त "परत वाजव" म्हणाले.

ताई विचारत होती, एवढी मोठी पेटी घरात अडचण करते, देऊन टाकू का कुणाला? नको म्हटलं. राहू दे. आईच्या तंबोऱ्याला कधी माहेरी यावंसं वाटलं तर?