जबलपूर : संगमरवरी कडे आणि तुरुंगाच्या भिंती

जबलपूर म्हटले की आपल्याला आठवते ते भेडाघाट. नर्मदेच्या दोन्ही काठांवर उभे ठाकलेले संगमरवरी कडे, धुआंधार धबधब्याचे उडणारे तुषार आणि नाव वल्हवता वल्हवता यमके जुळवून प्रवाशांना हसवणारे नावाडी. सुट्टीत गेलेले कुटुंब हे सारे पाहते, संगमरवराची एखादी छोटी मूर्ती विकत घेते, मदनमहालजवळची तोल सांभाळून बसलेली प्रचंड शिळा पाहते आणि परत फिरते.

या शहराची दुसरी एक ओळख आहे. ती पर्यटन खात्याच्या पत्रकात नसते. देशातल्या कोणत्याही विधी महाविद्यालयात जाऊन 'जबलपूर' एवढेच म्हणा. तिथल्या मुलांना भेडाघाट आठवणार नाही. ती म्हणतील, 'एडीएम जबलपूर.' एका जिल्हा अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून ओळखला जाणारा हा खटला आपल्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान मानला जातो.

सिवनीच्या वाटेने

नागपूरहून मोटारीने जबलपूरला निघालात की वाटेत सिवनी लागते. याच सिवनीच्या तुरुंगात १९४४ मध्ये विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर प्रवचने दिली होती. त्याआधी १९३२ मध्ये सुभाषबाबू आणि त्यांचे बंधू शरद्चंद्र यांनाही इथेच ठेवले होते आणि नंतर जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात हलवले होते. त्या तुरुंगाला आज सुभाषबाबूंचेच नाव आहे. पुढे १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून सुभाषबाबू याच परिसरात आले, तेही तापाने फणफणलेले. भेडाघाटच्या रस्त्यावरचे तेवर गाव म्हणजेच प्राचीन त्रिपुरी. गाडी थांबवून पाहण्यासारखे आहे, पण बहुतेक जण थांबत नाहीत.

मराठी माणसाला हे शहर तसे परके नाही. १७८१ पासून १८१७ पर्यंत इथे मराठ्यांचा अंमल होता, आधी सागरकरांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय होऊन जबलपूरला आले.

माफीचे साक्षीदार

इंग्रजांच्या काळात जबलपूर गाजले ते ठगांमुळे. कॅप्टन स्लीमनने इथे बसून ठगांचा बंदोबस्त केला. (याच गृहस्थाला १८२८ मध्ये जबलपूरच्या टेकडीवर डायनासोरची हाडे सापडली होती. तो स्वस्थ बसणारा माणूस नव्हता.) १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले. त्यातल्या ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार बनले.

वाटसरूंचे गळे आवळणाऱ्यांची बाजू कोणी घेणार नाही. पण ज्या पद्धतीने हे झाले ती मात्र पाहण्यासारखी आहे. १८३६ च्या कायद्यानुसार अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. एखादा माणूस कधी काळी ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. आणि हे ठरायचे बहुतांशी माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून. साक्ष दिली नाही तर फास आपल्याच गळ्याला, हे त्या साक्षीदारालाही ठाऊक होते. या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना कामाला लावण्यासाठी १८३७ मध्ये जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे बनत. माफी मिळूनही ते मोकळे कधी झालेच नाहीत, पहाऱ्यातच म्हातारे झाले. पुढे १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला, त्याची बीजे या कामातच होती. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींनी त्या कायद्याचे चटके स्वातंत्र्य मिळेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे सोसले.

एक सही, एक खटला

आता १९७५ कडे वळू. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेविरुद्धचे संरक्षण या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. 'मिसा' हा १९७१ चा कायदा हाताशी होताच. त्यात दुरुस्ती करून, अटकेचे कारण कैद्याला सांगण्याची गरज नाही, असे ठरवण्यात आले. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाला पोलीस घेऊन गेले, तर बायकोने विचारायचे कोणाला आणि काय?

जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने स्थानबद्ध झालेल्यांपैकी एक होते शिवकांत शुक्ल. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात 'हेबियस कॉर्पस'चा अर्ज झाला. याचा अर्थ साधा आहे : माणूस आमच्यासमोर आणा आणि त्याला कोणत्या अधिकाराने कोंडले ते सांगा. असे अर्ज ऐकता येणार नाहीत, असे सरकार म्हणत होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. निरनिराळ्या राज्यांतल्या मिळून नऊ उच्च न्यायालयांनी हीच भूमिका घेतली. बदल्या आणि रोष यांची भीती असताना त्या न्यायमूर्तींनी हे धाडस केले, त्यांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. कैद्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्यांत शांतिभूषण, सोली सोराबजी आणि आपल्या सासवडचे वि. म. तारकुंडे होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असे उत्तर आले. आपल्या युक्तिवादाचा अर्थ तोच होतो, हे त्यांनी लपवले नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक. बहुमतात सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. न्यायमूर्ती बेग यांनी तर लिहिले की स्थानबद्धांना राहायला-खायला उत्तम मिळते आहे आणि सरकार त्यांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते आहे. त्याच सुमारास मृणाल गोरे अकोल्याच्या तुरुंगात एकांतवास भोगत होत्या आणि बंगलोरच्या तुरुंगात दम्याने घुसमटणाऱ्या स्नेहलता रेड्डी सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, दगावल्या. आईची माया ती हीच असेल तर सावत्रपणा कशाला म्हणायचे?

एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. निकालाआधी हरिद्वारला गंगेकाठी बसून त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते की, या निकालाने आपले सरन्यायाधीशपद जाईल. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

या शहराने तुरुंगाला एक खासदारही दिला. जबलपूरचे विद्यार्थी नेते शरद यादव सेठ गोविंददासांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आले होते. आणीबाणीत तेही आत होते. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा मधू लिमये आणि शरद यादव या दोघांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा पाठवला. बाहेर मोकळे असलेल्या किती जणांना हे सुचले?

हिशेब

आणीबाणीनंतर शहा आयोगाने हिशेब मांडला. 'मिसा'खाली देशभर ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली होती. त्यात मध्य प्रदेशातली ५,६२० आणि महाराष्ट्रातली ५,४७३. भारत संरक्षण नियमांखाली अटक झालेले आणखी ७५,८१८. अधिकाऱ्यांनी कारणे न तपासता सह्या केल्या, हेही आयोगाच्या चौकशीत उघड झाले. मुळात तुरुंग आधीच भरलेले होते. १ जानेवारी १९७५ ला देशातल्या तुरुंगांत २,२०,१४६ माणसे होती आणि त्यातली १,२६,७७२, म्हणजे शंभरात ५७ हून अधिक, शिक्षा न झालेले कच्चे कैदी होते. त्यांच्यात ही नवी भर पडली. माणसे कोंडायला, पोसायला, पहाऱ्यावर ठेवायला पैसा लागतो. तो तुमच्या-आमच्या खिशातला असतो. २००८ पासून मध्य प्रदेश सरकार 'मिसा'च्या माजी स्थानबद्धांना सन्माननिधी देते. कोंडण्याचा खर्च तिजोरीतून झाला आणि आता भरपाईही तिथूनच होते. ज्यांनी डोळे मिटून सह्या केल्या, त्यांच्या पगारातून काही कापले गेल्याचे कधी ऐकण्यात आले नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क हिरावता येणार नाही, अशी तजवीज केली. भगवतींनी पुढे १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांना न्याय दिला आणि २०११ मध्ये जबलपूर खटल्यातील आपला निकाल चुकीचा होता, हे जाहीरपणे मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. त्या निकालपत्रात वडिलांचे मत गंभीर दोषांचे आहे, असे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. निकाल दुरुस्त व्हायला ४१ वर्षे लागली.

तुरुंगाचे मात्र निराळे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात जवळजवळ ७६. यातल्या कोणालाही 'मिसा'खाली पकडलेले नाही. कोणाला जामिनाचे पैसे भरता येत नाहीत, कोणाची तारीख पुढे ढकलली जाते, तर कोणाला न्यायालयात न्यायला पोलीसच मिळत नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप व फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर ती लागू नाही. तुमच्या ओळखीत कोणी असे अडकले असेल, तर वकिलाला हे जरूर विचारा.

जायचे असेल तर

मुंबईहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत, नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता चांगला आहे. भेडाघाटची नौकासफर पावसाळ्यात बंद असते, म्हणून ऑक्टोबरनंतर जावे. शक्य असेल तर पौर्णिमा गाठावी. ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेची आरती होते. उच्च न्यायालयाची जुनी इमारत शहरातच आहे, रस्त्यावरूनही छान दिसते. मुलांना ती दाखवा आणि शिवकांत शुक्लांची गोष्ट सांगा. नावाड्याच्या यमकांइतकी ती गमतीची नाही, पण ऐकतील.